आतड्यातल्या पाण्याचा जमाखर्च

एक अंदाज करून पाहा. दिवसभरात आपल्या लहान आतड्यात किती पाणी उतरत असेल? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले "दोन लिटर" असे उत्तर देतात. पाणी, चहा, ताक, आमटी सगळे मिळून आपण साधारण तेवढेच द्रव पोटात घेतो, तेव्हा उत्तर तर्काला धरून आहे. पण खरा आकडा सुमारे ९ लिटरचा आहे! प्यालेल्या २ लिटरमध्ये तोंडातली लाळ, जठरातला आम्लरस, यकृतातले पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि खुद्द आतड्याच्या भिंतीतून झिरपणारा रस मिळून आणखी ७ लिटरांची भर पडते. हे ७ लिटर शरीराने आपल्याच रक्तातून उसने काढलेले असतात. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे ५ लिटर, हे लक्षात घेतले म्हणजे ही उसनवारी केवढी मोठी आहे ते कळेल. काम संपले की हे पाणी आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात जाते. लहान आतडे त्यातले साडेसात लिटर परत घेते, उरलेल्यातले बहुतेक मोठे आतडे घेते आणि शौचावाटे बाहेर पडते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर.

हा जमाखर्च बिघडला म्हणजे जुलाब. दिवसात तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला झाले तर त्याला जुलाब म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. बोलीत आपण हगवण म्हणतो, ढाळ म्हणतो; वैद्यकाच्या पुस्तकात त्याला अतिसार म्हणतात. नऊ लिटरांच्या उलाढालीत परत घेण्याचे काम थोडे जरी ढिले पडले, तरी बाहेर जाणारे पाणी २०० मिलिलिटरवरून दोन लिटरवर जायला वेळ लागत नाही. आणि ते पाणी एकटे जात नाही, सोबत रक्तातले क्षार घेऊन जाते.

अतिसाराने दगावणारे मूल बहुतेक वेळा या पाण्याच्या आणि क्षारांच्या तुटीने दगावते. जंतू निमित्त असतो. मी भौतिकशास्त्र शिकवतो, औषधे देणे हे माझे क्षेत्र नाही. पण ही तूट कशी होते आणि कशी भरून काढायची, हा प्रश्न मुळात पाणी कोठून कोठे जाते याचा आहे, आणि तो समजायला शाळेतले विज्ञान पुरेसे आहे.

बटाट्याचा प्रयोग

एक कच्चा बटाटा सोलून त्याच्या सारख्या आकाराच्या चार पातळ फोडी करा. दोन फोडी साध्या पाण्याच्या वाटीत ठेवा. दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून उरलेल्या दोन त्यात ठेवा. अर्ध्या तासाने बोटांनी वाकवून पाहा. साध्या पाण्यातल्या फोडी ताठ असतील, वाकवताना मोडतील. मिठाच्या पाण्यातल्या लुळ्या पडलेल्या असतील. बटाट्यातले पाणी मिठाकडे निघून गेले. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, तेही यामुळेच.

या क्रियेला परासरण म्हणतात. पडद्याच्या ज्या बाजूला विरघळलेल्या कणांची दाटी जास्त, त्या बाजूला पाणी जाते. येथे दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा, पुढे त्या लागणार आहेत. पहिली अशी की, महत्त्व कणांच्या संख्येला असते, वजनाला नाही. दुसरी अशी की, पाणी आपल्या इच्छेने कोठेही जात नाही. आपल्या शरीरात पाणी ओढणारा पंप कोठेच नाही. आहेत ते क्षारांचे पंप. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी सोडियम आत ओढून पलीकडे रक्तात ढकलतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जाते. तेव्हा जुलाबाच्या रोग्याच्या आतड्यातून पाणी रक्तात न्यायचे असेल, तर आधी सोडियम आत जायला हवा. तो कसा जाणार, हा खरा प्रश्न.

दार कोणते उघडे राहते?

पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, उदाहरण घेऊ. कारण पटकी हा अतिसाराचा सर्वांत उग्र आणि सर्वांत चांगला उलगडलेला प्रकार आहे. आपल्या भागाला तो नवा नाही. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. कोकणी-मराठीतल्या 'मोडशी' या शब्दाचे पोर्तुगीजांनी 'मोर्देशीं' केले आणि फ्रेंचांनी त्याचेच पुढे 'मोर द शियाँ' केले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो 'कुत्र्याचे मरण'. बिचाऱ्या मोडशीचा कुत्र्याशी काहीएक संबंध नव्हता! एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वारीत पटकीची साथ पुन्हा पुन्हा येई.

स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, हा या रोगाचे कारण. इटलीच्या फिलिप्पो पाचिनी याने तो १८५४ मध्ये पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यात तो वेगळा केला आणि मग जगाने मानला. जंतू तर सापडला, पण तो माणसाला मारतो कसा? अनेक वर्षे विद्वान असे समजत होते की, हा जंतू आतड्याचे अस्तरच सोलून काढतो. तसे असेल तर रोग्याला पाणी पाजण्यात अर्थ नाही, कारण शोषणार कोण?

या समजाला दोन बाजूंनी धक्का बसला. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले की, पटकीचे जंतू वाढवलेला द्रव गाळून त्यातले सगळे जंतू काढून टाकले, तरी नुसत्या गाळलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात पाणी भरते. म्हणजे पाणी काढतो तो जंतूने सोडलेला एक विषारी पदार्थ. जंतूला भिंतीत शिरण्याची गरजच पडत नाही. आणि त्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीच्या रोग्यांच्या आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. अस्तर शाबूत होते!

मग बिघडते काय? आतड्याच्या पेशीत सोडियमला आत जायला अनेक दारे आहेत. त्यांपैकी एका दाराने सोडियम क्लोराइडच्या बरोबरीने आत जातो. पटकीचे विष पेशीतल्या एका निरोप्या रेणूचे प्रमाण वाढवते. त्यामुळे हे दार बंद पडते आणि उलट क्लोराइड बाहेर सोडणाऱ्या वाटा सताड उघड्या राहतात. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत येतो, त्यामागे सोडियम आणि त्यामागे पाणी. उग्र पटकीत ताशी एक लिटरपर्यंत पाणी शौचावाटे जाऊ शकते. उपचार नसेल तर अशा रोग्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात, आणि तेही काही तासांत.

पण सोडियमला आणखी एक दार आहे. ते ग्लुकोजच्या जोडीने उघडते. ग्लुकोज आणि सोडियम दोघे आले तरच ते दोघांना आत घेते, एकट्यादुकट्याला नाही. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्राग येथील एका परिषदेत ही कल्पना मांडली. क्रेन साखरेच्या शोषणाचा अभ्यास करीत होता, पटकीचा नव्हे. आणि पटकीच्या विषाचा या दुसऱ्या दाराला काहीच त्रास होत नाही. ते चालूच राहते. तेव्हा रोग्याला नुसते पाणी पाजले तर ते वाहून जाईल, नुसते मिठाचे पाणी पाजले तरी वाहून जाईल. पण योग्य प्रमाणात मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजले, तर सोडियम या दाराने आत जाईल आणि पाणी मुकाट्याने त्याच्या मागे जाईल. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यात पटकीच्या रोग्यांवर हे करून दाखवले. शिरेतून द्यावे लागणारे द्रव त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी लागले.

बनगाव, १९७१

प्रयोग झाला, लेख छापला गेला, तरी बहुतेक डॉक्टरांना हे पटेना. उपचार म्हणजे शिरेतून सलाईन. मीठ-साखर पाजणे हा फार तर आजीबाईंचा तोडगा. शिवाय मोजून-मापून पाजायला शिकलेली माणसे हवीत, असे मत होते.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. पावसाळा, उघड्यावरच्या छावण्या, घाणीचे पाणी. पटकी पसरायला आणखी काय हवे? सीमेजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले तरुण डॉक्टर दिलीप महालनबीस तेथे पोचले तेव्हा रोगी जमिनीवर पडलेले होते आणि सलाईनच्या बाटल्या पुरणे शक्य नव्हते.

महालनबीसांनी मग निर्णय घेतला. कलकत्त्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जाऊ लागले. पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद करीत. प्रमाण होते दर लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडा. बनगावात ते पिंपात विरघळवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आई, भाऊ, शेजारी, जो कोणी सोबत असेल त्याने पाजायचे. अगदी गलितगात्र रोग्यांना मात्र आधी सलाईन, आणि पिण्याइतकी शुद्ध आली की हे पाणी.

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत तेथे ३,७०० हून अधिक रोग्यांवर उपचार झाले. छावण्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते. या उपचाराखालच्या रोग्यांत ते ३.६ टक्के राहिले. महालनबीसांनी हा अनुभव १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन आयांना मीठ आणि गूळ घालून हे पाणी करायला शिकवत होत्या. एक कोटीहून अधिक घरे त्यांनी गाठली. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मराठीत या पाण्याला 'जलसंजीवनी' असे सुंदर नाव मिळाले आहे.

जंतू कोणता, हे कसे ओळखावे?

सगळे जुलाब पटकीचे नसतात. खरे तर फारच थोडे असतात. डॉक्टर शौचाच्या रूपावरून पहिला अंदाज बांधतात, आणि तो अंदाज बांधण्याची रीत मोठी तर्कशुद्ध आहे.

पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, तर बिघाड लहान आतड्यात आणि भिंत फुटलेली नाही. शौच तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, वास माशासारखा, पोटऱ्यांत गोळे येतात आणि काही तासांत माणूस खंगतो, तर पटकीचा संशय घ्यावा. प्रयोगशाळेत ताज्या नमुन्यात हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली बाणासारखे सुळकन धावताना दिसतात.

सहा महिने ते दोन वर्षांचे मूल, आधी उलट्या आणि ताप, मग पाण्यासारखे जुलाब, आणि त्यात थंडीचे दिवस. येथे बहुधा रोटाव्हायरस असतो. ऑस्ट्रेलियाच्या रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो आजारी मुलांच्या आतड्यात शोधला. तो चाकासारखा दिसतो; 'रोटा' म्हणजे लॅटिन भाषेत चाक. हा विषाणू आतड्याच्या भिंतीवरच्या रसांकुरांची टोके खराब करतो, पण शोषणापुरते अस्तर शिल्लक राहते. म्हणून जलसंजीवनी येथेही काम करते. प्रवासात किंवा बाहेरच्या खाण्यातून होणारे पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा ई. कोलाय या जीवाणूच्या एका जातीमुळे होतात. तिचे विष पटकीच्या विषाचे भावंडच आहे.

शौचात रक्त आणि शेंबूड असेल, ताप असेल, पोटात मुरडा येऊन सारखे कुंथावे लागत असेल, तर चित्र वेगळे. येथे जंतूने मोठ्या आतड्याची भिंत पोखरलेली असते. याला आपण रक्ती आव म्हणतो. याचे प्रमुख कारण शिगेला हा जीवाणू. जपानच्या कियोशी शिगा याने १८९७ च्या साथीत तो शोधला. पटकी व्हायला निरोगी माणसाच्या पोटात कोट्यवधी जंतू जावे लागतात, कारण जठरातले आम्ल त्यांना मारते. शिगेलाचे मात्र दहा ते शंभर जंतूही पुरतात. म्हणून पटकी बहुधा पाण्यावाटे पसरते, तर रक्ती आव न धुतलेल्या हातानेही पसरते.

आव हळूहळू, आठवड्यांच्या अंतराने वाढत असेल तर अमीबाची शंका घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या की निदान पक्के. शौच तेलकट, दुर्गंधी, पोट फुगलेले आणि हे दिवसेंदिवस चाललेले, तर जिआर्डिया. हा एकपेशीय जीव लेव्हेनहुक याने १६८१ मध्ये आपल्याच जुलाबात पाहिला होता. कुतूहल असावे तर असे! चौदा दिवसांहून अधिक टिकणारे जुलाब घरी सांभाळत बसू नयेत, डॉक्टरांकडे जावे.

आता गंमत पाहा. हे सारे ओळखणे उपयोगाचे आहे, पण बहुतेक रोग्यांत पहिला उपचार जंतूचे नाव कळेपर्यंत थांबत नाही. कारण पहिला उपचार सर्वांना एकच: तूट भरून काढणे. तेव्हा जंतू ओळखण्यापेक्षा तूट किती झाली हे ओळखणे जास्त निकडीचे, आणि त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मूल चिडचिडे झाले आहे, डोळे खोल गेले आहेत, पाणी दिसले की हपापून पिते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होते. ही मध्यम तुटीची लक्षणे. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसते. याउलट मूल सुस्त पडले आहे, पाणी पिण्याचेही त्राण नाही, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून अधिक काळ उभी राहते. ही तीव्र तूट. येथे क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचे, कारण आता सलाईनच हवे. वाटेत मूल गिळत असेल तर घोट घोट पाजत राहायचे.

मध्यम तुटीला पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यावी असे सांगतात. म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर. हेही आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या नजरेखाली झाले तर उत्तम. तूट दिसत नसेल तर घरीच, दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने.

पुडीवरचे गणित

आज मिळणाऱ्या एक लिटरच्या पुडीवर हे घटक छापलेले असतात: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. वजने पाहून काही बोध होत नाही. रेणुभाराने भागा. ग्लुकोज १३.५ भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलिमोल. मीठ २.६ भागिले ५८.५ म्हणजे सुमारे ४४ मिलिमोल. सायट्रेट २.९ भागिले २९४ म्हणजे सुमारे १० मिलिमोल, आणि त्याच्या प्रत्येक रेणूत तीन सोडियम, म्हणून ३०. एकूण सोडियम ४४ अधिक ३०, जवळजवळ ७५. ग्लुकोजही ७५, सोडियमही ७५! जोडीने उघडणाऱ्या दारासाठी जोड्या जुळवून दिल्या आहेत. आता सगळे कण मोजा: सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, बेरीज २४५. रक्तात हाच आकडा २९० च्या आसपास असतो. म्हणजे कणांची दाटी रक्ताच्या बाजूला जास्त, आणि बटाट्याच्या नियमाने पाणी रक्ताकडे जाणार. पूर्वीच्या पुडीत हा आकडा ३११ होता. तो २००२ मध्ये कमी केला गेला, कारण चाचण्यांत नव्या पुडीने मुलांना सलाईन लावण्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटलेली आढळली.

मग बाटलीतले गोड शीतपेय का चालत नाही? त्यात दर लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणजे २९२ मिलिमोल. आतड्यात प्रत्येक रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन कण होतात, म्हणजे ५८५. रक्ताच्या दुप्पट! पाणी उलट रक्तातून आतड्यात येईल आणि जुलाब वाढतील. सोडियम तर जवळजवळ नाहीच. गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापण्याचा प्रकार बरेच दिवस चालला होता. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला मनाई केली. तरी पुडी घेताना नाव सोडून घटक वाचावेत, हे बरे.

आपल्या घरातली मीठ घातलेली तांदळाची पेज याच नियमाने चांगली ठरते. पिष्ठाचा रेणू प्रचंड मोठा, म्हणून वजन पुष्कळ असूनही कणांची संख्या थोडी. आणि पचताना त्यातून ग्लुकोज हळूहळू सुटत राहते. मीठ घातलेले ताक आणि वरणाचे पाणीही चालते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ते जोडीला ठीक, एकटे पुरेसे नाही. पुडी मिळतच नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून द्या आणि नवे करा. जास्त मीठ बाळाला घातक ठरते.

"जुलाबात पाणी दिले की जुलाब वाढतात, तेव्हा पोटाला विश्रांती द्या," असे घरातली वडील मंडळी अजून सांगतात. एके काळी डॉक्टरही तेच सांगत. शौच लगेच थांबत नाही हे खरे. जलसंजीवनी जुलाब थांबवण्याचे औषध नव्हे. ती तूट भरते आणि तेवढ्या दोन-चार दिवसांत शरीर जंतूचा बंदोबस्त करते. बाळाचे अंगावरचे दूध आणि मोठ्या मुलाचे नेहमीचे जेवण चालूच ठेवायचे. जोडीला जस्ताच्या गोळ्या १४ दिवस देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. त्याने आजार लवकर आवरतो. जुलाब दाबून धरणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविके पटकीच्या उग्र रोग्याला आणि रक्ती आवेला लागतात, अमीबा आणि जिआर्डियाला त्यांची वेगळी औषधे आहेत. रोटाव्हायरसवर मात्र प्रतिजैविकाचा काडीइतका उपयोग नाही. कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. रोटाव्हायरसची लस भारताच्या लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांचे असताना ती तोंडावाटे देतात.

१९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, चीन सोडून इतर विकसनशील देशांत दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४६ लाख मुले अतिसाराने मरत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या माहितीनुसार हा आकडा साऱ्या जगात मिळून सुमारे ४ लाख ४४ हजार आहे. घट मोठी आहे. पण ज्या घरात पुडी नाही, किंवा असूनही कोणी उघडत नाही, त्या घरातले मूल अजून या ४ लाख ४४ हजारांत मोजले जाऊ शकते.

पुडी फोडाल तेव्हा ती एकाच वेळी पूर्ण वापरा. त्यावर २०० मिलिलिटर लिहिले आहे की एक लिटर ते आधी पाहा. पाणी उकळून गार केलेले घ्या, मिसळल्यावर पुन्हा उकळू नका, वरून साखर किंवा दूध घालू नका. चोवीस तासांनी उरलेले टाकून द्या.

आणि एक गणित तुमच्यासाठी. बनगावच्या पिशवीतले प्रमाण वर दिले आहे. ग्लुकोज, मीठ आणि सोडा (रेणुभार ८४) यांचे दर लिटरला किती कण होतात ते काढा. सोड्याच्या रेणूचे पाण्यात दोन आयन होतात, हे विसरू नका. उत्तर ३०१ च्या आसपास यायला हवे. त्या पिशवीत आजच्या पुडीतला कोणता क्षार नव्हता, तेही सांगा.